दोन पाच डझनी: डीएसपायची सुरुवात

यंदाचा मोहोर बघता पाडव्याच्या आधीच ऑर्डरी सुरू होतील असं दिसतंय, म्हणून आत्याच्या व्हॉट्सअॅपचं काम पुन्हा हातात घेतलंय. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: आत्याची देवगड तालुक्यात हापूसची कलमं आहेत. गिऱ्हाईकं बहुतेक पुण्या-मुंबईची. ऑर्डर कधी मालवणीत येते, कधी मराठीत, कधी इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. मला त्यातून चार रकाने भरून हवेत: पेट्या किती, किती डझनी, कुठे आणि कधीपर्यंत.

हे रकाने एआयचं भाषा-मॉडेल भरतं, आणि त्याला द्यायची सूचना म्हणजे प्रॉम्प्ट. आतापर्यंत तो हाताने घासत होते. एक ओळ वाढवली की एक मेसेज सुधारायचा आणि दुसरा बिघडायचा. म्हणून आता डीएसपाय (DSPy). स्टॅनफर्डच्या एनएलपी गटातून आलेलं, २०२३पासून या नावाने चालणारं, पायथॉनमधलं ओपन सोर्स साधन. यात प्रॉम्प्ट आपण लिहायचाच नाही. आत काय जाणार आणि बाहेर काय यायला हवं ते सांगायचं (याला ते सिग्नेचर म्हणतात), थोडी सोडवलेली उदाहरणं द्यायची आणि उत्तराला गुण देणारं एक फंक्शन लिहायचं, ते म्हणजे मेट्रिक. मग ऑप्टिमायझर, म्हणजे यातला सुधारणा करणारा भाग, स्वतःच प्रॉम्प्ट बदलून बदलून जास्त गुण मिळवायला बघतो. इन्स्टॉल करणं एका ओळीचं काम आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मॉडेल छोटं, ओलामावर (आपल्याच संगणकावर मॉडेल चालवायचं साधन), घरच्याच लॅपटॉपवर. तरीही मेसेजमधली नावं, पत्ते, फोन नंबर आधीच काढून टाकले, कारण पुढे एक मोठं मॉडेलही ते वाचणार होतं.

खरा वेळ जातो उदाहरणांची बरोबर उत्तरं लिहिण्यात. हा मेसेज बघा: ‘वयनी, दोन पाच डझनी धाड गो. आंबो कच्चो व्हयो.’ मॉडेलने वाचलं, दोन ते पाच डझन. आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल की पाच डझनाच्या दोन पेट्या. हे उदाहरणात लिहिलं की झालं. पण ‘नेहमीच्या दोन पाठवा’ याचं काय? मी आत्याला विचारलं तर ती म्हणाली, ‘अगो, ती चार डझनीच घेतत. घरात दोघांच तर आसत.’ आता हे ज्ञान मेसेजमध्ये कुठेच नाही. चार हे उत्तर लिहिलं असतं तर मॉडेल प्रत्येक ‘नेहमीच्या’ला चार म्हणायला शिकलं असतं. म्हणून अशा ठिकाणी बरोबर उत्तर ठेवलं: ‘विचारा’. अक्षय तृतीयेचंही तसंच. तारीख दर वर्षी बदलते आणि मॉडेल बिनदिक्कत भलत्याच सालची ठोकून देतं. त्यामुळे रकान्यात सणाचं नाव तेवढं घ्यायचं, तारीख कोडमध्ये कॅलेंडरवरून काढायची.

मेट्रिकमध्ये चार रकान्यांना सारखे गुण देणं सोपं होतं, पण व्यवहाराला धरून नव्हतं. पेट्यांचा आकडा चुकला तर पत्ता बरोबर असून काय उपयोग? म्हणून पेट्या किंवा डझन चुकले की सरळ शून्य. विचारायला हवं तिथे अंदाज ठोकला तरी शून्य. उगाच विचारलं तर अर्धे गुण. एक जादा फोन करायला आत्या कुरकुरेल, पण पाच डझनाची पेटी चुकीच्या घरी गेली तर तिचं नुकसान आहे.

ऑप्टिमायझरांपैकी आधी बूटस्ट्रॅप-फ्यूशॉट घ्या. मॉडेलकडून उदाहरणं सोडवून घेतो, पास झालेली उत्तरं नमुना म्हणून प्रॉम्प्टमध्ये चिकटवतो. मुळात मर्यादा अशी: स्वतः सोडवलेली ४ आणि आपण दिलेली धरून १६पर्यंत. देवनागरी टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून वाचतं ते) जास्त खाते, छोटं मॉडेल एवढ्या लांब प्रॉम्प्टवर रखडतं, म्हणून मी दोन्ही आकडे खाली आणले. ‘दोन पाच डझनी’ इथेच सुटलं. मिप्रो हा दुसरा ऑप्टिमायझर सूचनाही बदलतो, पण लांब चालवायचा तर २०० किंवा जास्त उदाहरणं हवीत असं डॉक्युमेंटेशन सांगतं. तेवढी माझ्याकडे नाहीत, सोडून दिला.

मजा आली ती जेपामध्ये (GEPA). हा तिसरा ऑप्टिमायझर, २०२५चा. यात मेट्रिक गुणांबरोबर शब्दांत शेराही देऊ शकतं. मी मराठीतच लिहिलं, ‘पाच डझनी हा पेटीचा आकार आहे, पेट्यांची संख्या नाही.’ मोठं मॉडेल हे शेरे वाचून सूचना नव्याने लिहितं. माझ्याकडे ती इंग्रजीत लिहून आली, डेटा सगळा मराठी असून. ‘डझनी’च्या आधी दोन आकडे लागोपाठ आले तर पहिला पेट्यांचा, हा नियम त्याने नेमका पकडला. मात्र खाली आणखी एक ओळ होती: गाव दिलेलं नसेल तर पुणे धरावं! उदाहरणांत पुणंच जास्त, म्हणून या ओळीने गुण वाढत होते. आकडा वर गेला म्हणून खूश होऊ नका, तयार झालेली सूचना शब्दन्‌शब्द वाचा. गाव नसलेले मेसेज ‘विचारा’ या उत्तरासह घातले आणि मुंबईचेही वाढवले, तेव्हा ती ओळ गेली.

उदाहरणं वाटताना एक लक्षात ठेवा. एरवी आपण बरीचशी शिकायला देतो, थोडी तपासायला. इथे प्रॉम्प्ट ऑप्टिमायझरांसाठी सल्ला उलटा आहे: २० टक्के शिकायला, ८० टक्के तपासायला, कारण थोड्या उदाहरणांवर प्रॉम्प्ट लगेच घोकंपट्टीला लागतो. जेपा याला अपवाद, त्याला शिकायलाच जास्त द्यायची.

आपल्याकडच्या विजेला हे साधन मानवतं. मॉडेलला आधी विचारलेलं आणि त्याने दिलेलं उत्तर डिस्कवर साठवलेलं असतं, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी पुन्हा चालवल्यावर तेवढा भाग लगेच सरकतो. तयार प्रोग्राम जेसन फाइलमध्ये जपता येतो.

इंग्रजी अक्षरांतल्या मराठीला अजून हात लावलेला नाही. ‘पेटी’ची स्पेलिंगं बघूनच धडकी भरते. कुणी काजूच्या किंवा मासळीच्या ऑर्डरींवर असलं काही करत असेल तर मेट्रिकमध्ये ‘विचारा’ला किती गुण देता, ते जरूर कळवा.