पहिल्या कागदावर काय लिहिलं जातं

"डॉक्टरांनी विचारलं तर घरी दारात बोट सापडलं म्हणून सांग." गाडीत सुपरवायझर मला दुसऱ्यांदा समजावत होता. माझ्या उजव्या हाताला मशीन पुसायचं फडकं गुंडाळलेलं होतं आणि त्यातून रक्त मांडीवर टपकत होतं. नोव्हेंबर २०२२ ची गोष्ट. चाकणला एका कारखान्यात ठेकेदारामार्फत मी पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर होतो. रात्रपाळीत प्रेस डबल पडला, म्हणजे एकदा दाबल्यावर आपोआप दुसऱ्यांदा खाली आला, आणि तर्जनीची दोन पेरं गेली.

सोबत आमच्यातले एक जुने ऑपरेटर आले होते, सगळे त्यांना काका म्हणतात. दवाखान्याच्या दारात ते हळूच म्हणाले, "बाळा, पहिल्या कागदावर जे लिहिलं जाईल तेच शेवटपर्यंत चालतं. खरं सांग." मी खरं सांगितलं. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, कामावर असताना प्रेस मशीनमध्ये बोट चिरडलं. पुढचे कित्येक महिने ज्या ज्या टेबलापुढे उभा राहिलो, तिथे याच एका ओळीने मला तारलं.

पगारातून ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा, कटतो एवढंच तेव्हा मला ठाऊक होतं. १४,००० पगारावर पाऊण टक्का, म्हणजे १०५ रुपये माझे, आणि सव्वातीन टक्के, म्हणजे ४५५ रुपये मालकाचे. आम्ही पोरं त्याला 'दवाखान्याचे पैसे' म्हणायचो आणि कार्ड पत्र्याच्या पेटीत पडून असायचं. त्या कार्डामागे काय आहे ते घरी पडून असताना कळलं. कामावरच्या अपघातात सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते, डॉक्टर फिट म्हणेपर्यंत. त्यासाठी किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत, पहिल्याच दिवशी लागलं तरी हक्क तोच. घरी लागलं असं लिहिलं गेलं असतं तर ते साधं आजारपण ठरलं असतं. मग ७० टक्के, तेही वर्षात ९१ दिवसांपुरते, आणि सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी असेल तरच. बोटाबद्दल जन्मभर जे मिळणार होतं, त्याचा तर प्रश्नच उरला नसता.

ठेकेदार अपघाताचा रिपोर्ट भरेना. आज भरतो, उद्या भरतो असं चाललं होतं. माझा हात बांधलेला, म्हणून बायकोने वहीच्या पानावर अर्ज लिहिला: तारीख, वेळ, मशीन, सोबत कोण होतं. कारखान्याच्या गेटवर कुणी तो घेईना, तेव्हा तिने रजिस्टर पोस्टाने पाठवला आणि पावती जपून ठेवली. त्याचीच प्रत केसपेपरसकट ईएसआयच्या शाखा कार्यालयात दिली. तिथल्या साहेबांनी मला बसवून सगळं विचारून घेतलं, त्या रात्रीची हजेरी मागवली आणि काकांचा जबाब घेतला. काकांची नोकरीही त्याच ठेकेदाराकडे होती, तरी ते आले. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

मला एका गोष्टीचं कोडं पडलं होतं. माझे पैसे विम्याच्या निधीतून येणार, मालकाला वेगळं काही द्यावं लागणार नाही, मग खोटं कशाला? काकांनी सांगितलं, रिपोर्ट गेला की फॅक्टरी इन्स्पेक्टर मशीन बघायला येतो, तेच त्यांना नको असतं. पूर्वी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात जखमी कामगाराला भरपाई मालकाकडेच मागावी लागे, म्हणजे ज्याच्या हातात आपली भाकरी त्याच्याशीच भांडण. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने ते ओझं सगळ्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीवर टाकलं. कामगाराला मालकापुढे हात पसरायला लागू नये, हाच त्यातला मोठा विचार आहे असं मला वाटतं. शिवाय कामावरच्या जखमेची रजा चालू असताना कामावरून काढताही येत नव्हतं. हे आधी माहीत असतं तर त्या गाडीत मी इतका घाबरलो नसतो.

८४ दिवस घरी होतो. दर खेपेला दवाखान्याचं सर्टिफिकेट शाखेत द्यायचं, मग पैसे खात्यावर. दिवसाला सुमारे ४२० रुपये. पहिली रक्कम यायला बराच वेळ लागला आणि तोवर खोलीचं भाडं उसनं काढून भागवलं, तेही सांगायला हवं.

फिट सर्टिफिकेट मिळाल्यावर मेडिकल बोर्ड, म्हणजे कायमचं नुकसान किती झालं ते ठरवणारे डॉक्टर. मला वाटलं होतं हात बघतील आणि सोडतील. पण डॉक्टरांनी उरलेलं पेर वाकवून पाहिलं, शर्टाचं बटण लावायला सांगितलं, पेन देऊन सही करायला लावली. पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरलं तरी सही वाकडीच आली. कायद्याच्या तक्त्यात तर्जनीची दोन पेरं म्हणजे कमाईच्या क्षमतेत ११ टक्के घट, आणि बोर्डानेही तेवढीच धरली. निर्णय पटला नाही तर अपिलाची सोय असते, मला गरज वाटली नाही. दिवसाला सुमारे ४६ रुपये, महिन्याला १,३८० च्या आसपास, मी काम करत असलो तरी, जन्मभर. हयातीचा दाखला तेवढा वेळेवर द्यायचा.

आता मी त्याच कारखान्यात इन्स्पेक्शनच्या टेबलावर आहे. चौकशीनंतर त्या प्रेसला दोन बटणं बसवली. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय तो खाली येत नाही. परवा त्यावर सोलापूरकडचा एक नवा पोरगा उभा होता, दोन्ही हात बटणांवर ठेवून.