पंच्याऐंशीची झाडे

इटलीत टस्कनीतल्या कियांतीच्या उतारांवरची ऑलिव्हची बाग मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा एक गोष्ट खटकली. जुन्या ऑलिव्हला पिळदार, पोकळ पडलेले जाडजूड खोड असते, असे चित्र माझ्या डोक्यात होते. इथे मात्र बहुतेक ठिकाणी मनगटापेक्षा थोडी जाड अशी तीन-चार खोडे कडे करून उभी होती आणि मधली जागा रिकामी होती. बागेच्या वयस्क मालकांनी बुटाच्या टोकाने पालापाचोळा बाजूला सारून त्या रिकाम्या जागेतला परातीएवढा रुंद, कुजत चाललेला खुंटारा दाखवला आणि एवढेच म्हटले, "पंच्याऐंशी."

जानेवारी १९८५ मध्ये टस्कनीवर आधी बर्फ पडला आणि मग अशी थंडी आली की फ्लॉरेन्सच्या पेरेतोला विमानतळावर पारा उणे २३ अंशांपर्यंत उतरला. ऑलिव्ह उणे सात-आठ अंशांपर्यंतची थंडी कशीबशी सोसतो. त्याखाली पाने व कोवळ्या फांद्या जातात आणि उणे दहा-बारा अंशांच्या पलीकडे मोठ्या फांद्या व खोडही धोक्यात येते. पेशींच्या मधल्या जागेत बर्फ धरू लागला की तो पेशींमधले पाणी ओढून घेतो. पेशी एका अर्थी तहानेने मरतात आणि साल उभी फाटते. झाड वाढीला लागलेले असेल, तर याहून सौम्य थंडीही पुरते. फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये १९५६ साली तेच घडले: उबदार जानेवारीने झाडांना जाग आणली आणि फेब्रुवारीच्या गोठवणाऱ्या थंडीने त्यांना गाठले. तिथल्या अनेकांनी नंतर ऑलिव्ह उपटून द्राक्षवेली लावल्या. थंड हवा जड असल्याने ती खोलगट जमिनीत साचते, म्हणून उतारावरच्या बागांपेक्षा तळाच्या बागा जास्त होरपळतात. थंडीत निफाडला पारा घसरला की बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या आमच्या घरच्यांना हे वेगळे सांगायला नको.

अशा थंडीनंतर पहिले काम म्हणजे करवत न उचलणे. पाने तपकिरी होऊन गळाली म्हणजे फांदी मेली असे नव्हे, आणि हिरवी दिसणारी फांदीही पुढे उन्हाळ्यात वाळू शकते. नखाने साल खरवडून पाहावी: आत ओलसर हिरवट-पांढरे दिसले तर जीव आहे, तपकिरी दिसले तर त्या भागापुरता तो गेला आहे. नुकसान कुठवर उतरले आहे, हे नवे धुमारे फुटल्यावरच नीट कळते. फाटलेल्या सालीतून गाठी आणणारे जिवाणू शिरतात, त्यामुळे तांबेयुक्त औषधाची फवारणी मात्र लवकर करावी लागते.

खोडच गेले असेल, तर झाड जमिनीलगत किंवा मातीच्या किंचित खाली कापतात. ऑलिव्हच्या बुंध्याशी गाठीसारखे फुगवटे असतात; इटालियन माणूस त्यांना 'ओव्होली' म्हणतो, म्हणजे छोटी अंडी. त्यांत निद्रिस्त डोळे असतात आणि वरचे सारे मेले की तेच फुटतात. आमच्याकडे उसाचा खोडवा राखतात, त्याचीच आठवण झाली. फरक एवढाच की इथे पहिल्या पिकासाठी चार-पाच वर्षे थांबावे लागते आणि बाग पूर्वीसारखी भरायला त्याहून पुष्कळ अधिक. सुरुवातीला डझनावारी फुटवे येतात. ते लगेच विरळ करण्याचा मोह होतो, पण जमिनीखाली मोठ्या झाडाची मुळे तशीच असतात आणि त्यांना पोसायला पाने हवी असतात. म्हणून दोन-तीन वर्षे गर्दी राहू देतात आणि मग बाहेरच्या बाजूचे, एकमेकांपासून अंतर राखून वाढलेले तीन-चार फुटवे ठेवतात. मला दिसलेली कडी अशी तयार झाली होती.

कलमी झाडाचा प्रश्न निराळा. कलमाच्या जोडाखालून फूट आली, तर ती खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याची असते आणि खुंट रानटी रोपाचा असेल तर तिच्यावर पुन्हा कलम बांधावे लागते. त्या बागेच्या कोपऱ्यात असे एक झाड होते, ज्यावर पुन्हा कलम करायचे राहूनच गेले होते. त्याची पाने बारीक होती आणि फळे जेमतेम वाटाण्याएवढी. मालक म्हणाले, ती आम्ही तोडत नाही. पक्ष्यांना असू देतो.