जिभेच्या मागची बाजू

जळगावकडे हिवाळ्यात भरिताच्या दुसऱ्या दिवशी तोंडाला वास आला, तर कोणी कोणाला बोल लावत नाही. लसणातला एक गंधकयुक्त घटक पचनानंतर रक्तातून फुप्फुसांत उतरतो आणि कितीही दात घासले तरी श्वासावाटे बाहेर पडत राहतो, हे शास्त्र ठाऊक नसले तरी अनुभव घरोघरी आहे. त्यामुळे मांडीवर बसलेली नात तोंड फिरवून "नाना, तिकडे बघून बोला ना" असे म्हणाली, तेव्हा मी दोष भरितावर ढकलून मोकळा झालो. पुढे चैत्र उजाडला, भरिताची वांगी बाजारातून गेली, तरी नात तिकडेच बघायला सांगत राहिली.

मग मुलाने दातांच्या फटी पाण्याच्या धारेने धुणारा वॉटर फ्लॉसर आणून दिला. १९६२ साली अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्स येथे एका दंतवैद्याने आणि एका अभियंत्याने मिळून आणलेल्या यंत्राचा हा वंशज. ओठ मिटण्याआधीच बटण दाबल्यामुळे पहिली धार आरशावर आणि दुसरी बनियनवर गेली. बेसिनवर वाकून, कोमट पाण्याची धार हिरड्यांच्या कडेकडेने फिरवायची, हे जमल्यावर उजवीकडच्या शेवटच्या दोन दाढांमधून कैरीचा एक काळपट तंतू बाहेर पडला. कैरी खाऊन तीन दिवस झाले होते. गुन्हेगार सापडला, असे मला वाटले.

तो केवळ साथीदार निघाला. स्वतःच्या वासाला नाक सरावलेले असते, म्हणून निकाल नातीकडेच मागावा लागला आणि तो विरुद्ध गेला. दंतवैद्यांनी जिभेच्या अगदी मागच्या भागावरून चमचा ओढला आणि तो माझ्याच नाकापुढे धरला. पोटाला उगीच बदनाम करू नका, बहुतेकांचे कारण तोंडातच असते, असे ते म्हणाले. जिभेच्या मागच्या खाचांत हवेवाचून जगणारे जिवाणू प्रथिने कुजवून सडक्या अंड्यासारखा वायू सोडतात, आणि रात्री तोंड उघडे टाकून घोरणाऱ्याची लाळ सुकली की त्यांना रानच मोकळे मिळते. घोरण्याविषयीचा प्रश्न त्यांनी मला विचारला होता. उत्तर सौभाग्यवतींनी दिले.

लहानपणी निंबाच्या काडीने दात घासून झाले की आजी ती काडी उभी चिरून देई, आणि त्या चिरलेल्या काडीने जीभ खरवडल्याशिवाय चहाची कपबशी पुढे सरकत नसे. आता यंत्राशेजारी खिळ्याला तांब्याची जिभली टांगली आहे. बोअरच्या जड पाण्याने यंत्राच्या नळीवर पांढरा थर धरला आहे. जिभली रोजच्या वापराने लखलखते.