मार्चमधला कॉन्फरन्सचा हिशोब: एसईसी २०२५, बिग ईस्ट २०११

अमेरिकेतले कॉलेज संघ कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगसारख्या गटांत, विभागलेले असतात, आणि मार्चमध्ये त्यांतले निवडक संघ एनसीएएच्या बाद स्पर्धेत भिडतात. २०२५च्या पुरुषांच्या एनसीएए बास्केटबॉल स्पर्धेत साउथइस्टर्न कॉन्फरन्सचे, म्हणजे एसईसीचे, १६ पैकी १४ संघ होते. आधीचा उच्चांक होता बिग ईस्ट या कॉन्फरन्सचा, २०११ मधले ११ संघ. वर फ्लोरिडाने अंतिम सामन्यात ह्यूस्टनला ६५-६३ असं हरवलं, आणि एसईसीच सगळ्यांत भारी, यावर शिक्कामोर्तब झाल्याचं बहुतेकांनी धरून टाकलं. एसईसी भारी होती हे मलाही मान्य आहे. पण त्याचा पुरावा फ्लोरिडाच्या ट्रॉफीत नाही, बाकीच्या तेरा संघांत आहे.

ट्रॉफी किती बारीक धाग्यावर लटकलेली असते ते त्या सामन्याचे शेवटचे क्षण बघून कळतं. दुसऱ्या हाफमध्ये ह्यूस्टनकडे १२ गुणांची आघाडी होती, ती गेली. अखेरीस दोन गुणांनी मागे असताना त्यांचा इमॅन्युएल शार्प तीन गुणांच्या शॉटसाठी हवेत उठला, समोरून वॉल्टर क्लेटन धावून आला, आणि शार्पला शॉट सोडताच येईना. त्याने बॉल खाली टाकला. आता त्यालाच बॉलला हात लावता येत नव्हता, लावला असता तर ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल हातात घेऊन पाय हलवल्याची चूक. बॉल टप्पे खात राहिला, फ्लोरिडाच्या अ‍ॅलेक्स कॉन्डनने त्यावर झेप घेतली आणि वेळ संपली. त्याआधी दुसऱ्या फेरीतही फ्लोरिडा यूकॉनविरुद्ध ७७-७५ अशी जेमतेम वाचली होती. अशा दोन-दोन गुणांच्या निकालांवरून सोळा संघांच्या कॉन्फरन्सची लायकी ठरवू नये.

मग मोजायचं कसं? आधी सरळ विजय मोजा. फ्लोरिडा ६, ऑबर्न ४, अलाबामा आणि टेनेसी ३-३, केंटकी, ओल मिस आणि आर्कान्सा २-२, टेक्सस ए अँड एम १. बेरीज २३. पराभव १३, आणि ते मोजायचीही गरज नाही, कारण बाद पद्धतीत विजेता सोडून प्रत्येक संघ एकदाच हरतो. म्हणून विजयाची टक्केवारी इथे फसवी ठरते: जितके संघ जास्त, तितके पराभव आधीच खात्यावर.

दुसरी पायरी बरेच जण विसरतात. घरातल्या घरात झालेले सामने वजा करा. टेनेसीने केंटकीला ७८-६५ आणि फ्लोरिडाने उपांत्य फेरीत ऑबर्नला ७९-७३ असं हरवलं. अशा सामन्यात कॉन्फरन्सला एक विजय आणि एक पराभव मिळणारच, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ते दोन काढले की उरतात २१ विजय, ११ पराभव. निवड समिती एकाच कॉन्फरन्सच्या संघांना लांब ठेवते, पण त्याला मर्यादा आहे. हंगामात एकदाच भिडलेले संघ दुसऱ्या फेरीतही समोरासमोर येऊ शकतात, दोनदा भिडलेले शेवटच्या १६ मध्ये, तीनदा भिडलेले मात्र विभागीय अंतिम सामन्यातच. चौदा संघ म्हटल्यावर अशा गाठी पडणारच.

तिसरी पायरी सगळ्यांत महत्त्वाची: सीड, म्हणजे निवड समितीने संघाला दिलेलं मानांकन, पहिलं सगळ्यांत वरचं. आजवरच्या सरासरीने पहिल्या सीडचा संघ ३.३ च्या आसपास सामने जिंकतो, दुसऱ्या सीडचा २.३, सहावा साधारण एक, आठ ते अकरा नंबरवाले एकापेक्षा कमी. एसईसीचे दोन संघ पहिल्या सीडवर, दोन दुसऱ्या, आणि सहा संघ ८ ते ११ मध्ये. ढोबळ बेरीज २० च्या थोडी वर जाते, प्रत्यक्षात २३. फ्लोरिडा बाजूला ठेवा: उरलेल्या तेरांकडून अपेक्षा साधारण १७ ची, विजयही १७. म्हणजे समितीने जेवढं वरचं स्थान दिलं तेवढं ते खेळले, कुणाला उगाच चढवलं नव्हतं. सहा संघ पहिल्याच सामन्यात गारद झाले यावर खूप टीका झाली, पण त्यातले पाच ८ ते ११ सीडचे होते. खरी निराशा एकच, सहाव्या सीडच्या मिझुरीचा ड्रेककडून ५७-६७ असा पराभव. ती दहाव्या सीडच्या आर्कान्साने कॅन्सस आणि सेंट जॉन्सला घरी पाठवून भरून काढली.

आता हीच फूटपट्टी २०११च्या बिग ईस्टला लावा. त्याही वर्षी विजेता त्यांचाच, यूकॉन. पण ११ संघांचे मिळून विजय फक्त १३, आणि त्यातले ६ एकट्या यूकॉनचे. बाकीच्या दहांचे ७, जिथे सीडप्रमाणे १४ च्या आसपास हवे होते. पहिल्या सीडचा पिट्सबर्ग बटलरकडून एका गुणाने हरला, चौथ्या सीडचा लुईव्हिल मोरहेड स्टेटकडून. शेवटच्या १६ मध्ये पोचले ते यूकॉन आणि मार्केट, आणि दोघांनीही त्याआधीच्या फेरीत आपल्याच कॉन्फरन्सचा संघ काढला होता, सिनसिनाटी आणि सिराक्यूज. एसईसीचे २०२५ मध्ये तिथे सात होते.

इतके संघ आत येतात कसे, याचं उत्तर मात्र नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आहे. कॉन्फरन्सबाहेर एसईसीने १८५ सामने जिंकले, २३ हरले, एसीसी या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सविरुद्धच्या मालिकेत १४-२. त्यामुळे नेट रँकिंगमध्ये, म्हणजे निवड समिती वापरते त्या क्रमवारीत, जवळजवळ सगळेच वर गेले. बाहेरच्या मैदानावर पहिल्या ७५ मधल्या संघाला हरवलं की तो क्वाड्रंट १ चा, म्हणजे सगळ्यांत कठीण प्रतीचा, विजय धरतात, घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधल्याला. जानेवारीनंतर एसईसीत असा सामना जवळपास रोज, आणि तिथला पराभव फारसा टोचत नाही. म्हणून कॉन्फरन्समध्ये ६-१२ अशी कामगिरी असूनही टेक्सस आणि ओक्लाहोमा आत आले. माझ्या मते ही पद्धत लहान कॉन्फरन्सवर अन्याय करते. त्यांना क्वाड्रंट १ ची संधीच मोजकी मिळते, आणि मोठे संघ त्यांच्या मैदानावर जायला तयार नसतात.

यात पैसाही आहे. २०२५च्या स्पर्धेत अंतिम सामना सोडून खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे संघाच्या कॉन्फरन्सला एक युनिट मिळत होतं, सहा वर्षांत मिळून सुमारे २० लाख डॉलरचं. एसईसीची ३५ युनिट्स झाली, म्हणजे जवळपास ७ कोटी डॉलर. टेक्सस सुरुवातीच्या पात्रता फेरीतच झेवियरकडून ८०-८६ असा हरला, तरी त्याचंही एक युनिट त्यात आहे.