आमची वाटचाल : ट्रक उघडण्याआधी

गोव्यातील डिचोली-साखळी रस्त्यालगतचे आमचे गॅरेज वडिलांनी सुरू केले ते खाणीवरच्या ट्रकांसाठी. शिरगाव, पाळी, वेळगे या भागांतून लोहखनिज भरून मांडवीकाठच्या सारमानस आणि आमोण्याच्या जेटींकडे जाणारे ट्रक दिवसभर त्याच रस्त्यांवरून ये-जा करीत, आणि त्यांची दुखणीही ठरलेली असत: पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) तुटणे, क्लचप्लेट जळणे, ब्रेकचे लायनर संपणे, टिप्परच्या जॅकचे सील गळणे. या कामात क्रमाचा प्रश्न फारसा येत नसे. ट्रक उभा राहिला की खेपा बुडत, म्हणून जे मोडले आहे ते आधी करायचे आणि शक्यतो रातोरात गाडी बाहेर काढायची, एवढाच नियम होता.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणी थांबल्या, मध्यंतरी काही काळ मर्यादित प्रमाणात चालू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. ज्या ट्रकांवर आमचे गॅरेज चालत होते ते मालकांच्या अंगणात झावळ्या पांघरून उभे राहिले. त्या काळात जीप, पिकअप, पॉवर टिलर असे मिळेल ते काम आम्ही केले; त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. जुने ट्रक मूळ रूपात पुन्हा उभे करण्याचे काम मात्र याच काळात आमच्याकडे आले आणि आज गॅरेजचा मुख्य व्यवसाय तोच आहे.

पहिला ट्रक टाटा-मर्सिडीज होता. पुढे टाटा मोटर्स झालेली टेल्को आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांचे सहकार्य १९५४ ते १९६९ असे चालले, आणि त्या वर्षांत जमशेदपूरहून निघालेल्या ट्रकांच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असे. गावातीलच एका कुटुंबाला आजोबांची ही गाडी चालत्या स्थितीत हवी होती. ती आमच्याकडे आली तेव्हा निम्मी चाकांवर आणि निम्मी पोत्यांत होती. आधीच्या एका ठिकाणी ती मोठ्या हौसेने पूर्ण सुटी केली गेली होती, आणि मग मालकाचे पैसे व मेस्त्रीचा उत्साह दोन्ही एकदमच आटले होते. नट-बोल्ट एकमेकांत मिसळले होते, केबिनचे लाकूड पावसात भिजले होते, आणि इंजिनाचे हेड काढून ठेवल्यामुळे सिलिंडरच्या लायनरच्या भिंतींवर गंज धरला होता. अंगणात बंद उभी असताना गाडीचे जेवढे नुकसान झाले नव्हते, तेवढे ती उघडून ठेवल्याने झाले होते.

तेव्हापासून आमच्याकडे कामाचा क्रम एकाच प्रश्नावर ठरतो: हे काम आज अडले, तर ट्रक येता पावसाळा इजा न होता काढील का? ज्या कामाचे उत्तर ‘नाही’ असे येते, त्याला लागणारे पैसे, सुटे भाग आणि कोरडे दिवस हाताशी असल्याशिवाय आम्ही हात घालत नाही. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, किनाऱ्याकडील हवेत मीठ असते आणि खाणीवर फिरलेल्या गाडीच्या सांध्यासांध्यांत ओल धरून ठेवणारी लाल माती बसलेली असते. अशा ठिकाणी उघडा पडलेला पत्रा कोणाची वाट पाहत नाही.

ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा रंगाचा असतो. काही जण शेडकार्ड सोबत घेऊनच येतात. आमचा पहिला प्रश्न असा असतो की ट्रक तयार झाल्यावर काय करणार आहे. किनाऱ्यावरील एखाद्या हॉटेलच्या दारात तो नुसता उभा राहणार असेल, तर चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), पत्रा आणि लाकूड एवढ्यावर काम थांबवता येते आणि इंजिनात तेल घालून ते बंद ठेवता येते. तो रस्त्यावर धावणार असेल, तर ब्रेक आणि स्टिअरिंगला पहिला मान मिळतो, आणि दर्शनी काम सर्वांत शेवटी येते. दोन्ही प्रकारांना एकच अंदाजपत्रक लावणे म्हणजे ग्राहकाची फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर कागद. नोंदणीपुस्तकातील चेसिस क्रमांक आणि गाडीवर ठोकलेला क्रमांक जुळतो की नाही, हे पाना हातात घेण्यापूर्वी पाहिले जाते. क्रमांकाची पेन्सिलने कागदावर छाप घेऊन ती जागा ग्रीस आणि टेपने झाकली जाते, कारण गंज-रंग उडवणाऱ्या सँडब्लास्टिंगच्या, म्हणजे वाळूच्या, माऱ्यात हे आकडे पुसट झाले, तर पुढे वाहतूक खात्यासमोर उत्तर देणे अवघड होते. याच वेळी केबिनच्या कपाळावरील आणि हौद्याच्या फळ्यांवरील अक्षरांची बटर पेपरवर नक्कल काढली जाते. ‘श्री सातेरी प्रसन्न’ ही ओळ प्रत्येक पेंटरने आपापल्या वळणाने लिहिलेली असते, आणि रंग खरवडल्यावर ते वळण कोणालाही आठवत नाही.

इंजिनाच्या बाबतीत आमचा क्रम अनेकांना उलटा वाटतो. आम्ही ते सर्वांत आधी तपासतो आणि जवळजवळ शेवटी बांधतो. वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारणे आमच्याकडे पूर्ण वर्ज्य आहे. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण सोडले जाते, ते काही दिवस मुरू दिले जाते आणि मग क्रँक हाताने फिरवून पाहिली जाते. ती मोकळी फिरली की कॉम्प्रेशन मोजायचे, टाकीतील गंज आणि गाळ टाळण्यासाठी बाहेरच्या डब्यातून डिझेल देऊन इंजिन थोडा वेळ चालवायचे, तेलाचा दाब आणि धुराचा रंग पाहायचा. एवढ्या तपासणीवरून सिलिंडरला आतून कापून बोअर करावे लागेल की नुसत्या पिस्टनच्या रिंग बदलून भागेल, याचा अंदाज येतो आणि खर्चाचा आकडा प्रामाणिकपणे सांगता येतो. त्यानंतर इंजिन पुन्हा बंद करून, तोंडे बुजवून ठेवले जाते. आधीच बांधून ठेवलेले इंजिन इतर कामे होईपर्यंत दोन पावसाळे पडून राहिले, तर नव्या रिंगांना ओल लागते, सील वाळतात आणि फ्युएल पंपाचे प्लंजर चिकटतात. म्हणजे ज्या कामावर सर्वाधिक पैसे गेले तेच पुन्हा करावे लागते. म्हणून पंपाचे कॅलिब्रेशन (डिझेलचे माप जुळवणे) तर आम्ही इंजिन गाडीवर चढण्याच्या सुमारासच करून घेतो.

सुट्या भागांची मागणी मात्र याच टप्प्यावर नोंदवली जाते, कारण कामाचा क्रम आणि खरेदीचा क्रम हे निरनिराळे असतात. टाटा १२१० सारख्या ट्रकाचे भाग अजून बऱ्यापैकी मिळतात. बारा टन एकूण वजन आणि सुमारे शंभर अश्वशक्ती हे त्या नावातच आहे, आणि त्याच्या ६९२ इंजिनाच्या नावात सहा सिलिंडर व ९२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. त्याहून जुन्या गाड्यांची किंगपिन (पुढचे चाक ज्यावर वळते ती खीळ), ब्रेकची रबरे किंवा दारांची कुलपे शोधायला बेळगाव, कोल्हापूर, कधी त्याही पलीकडे निरोप पाठवावे लागतात. टायर मात्र सर्वांत शेवटी घेतले जातात. ९.००-२० मापाचे सहा नवे टायर आणि वर स्टेपनी आधीच आणून ठेवल्यास पैसा अडकतो आणि रबरही वाळत जाते. तोवर जुनेच टायर हवा भरून ठेवतो, म्हणजे गाडी शेडमध्ये ढकलता येते; चाकांवर असलेला ट्रक हलवता येतो, जॅकवर असलेला नाही. चाकांच्या अशा जुन्या रिंगांना टायर धरून ठेवणारी लोखंडी लॉकरिंग असते आणि हवा भरताना ती उडून माणूस दगावू शकतो, त्यामुळे आमच्याकडे चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवल्याशिवाय हवा भरली जात नाही.

आता चेसिस. हौदा उतरवल्यावर प्रथम गोड्या पाण्याने ती भरपूर धुतली जाते, विशेषतः गाडी पेडण्याच्या किंवा मोरजीच्या बाजूची असेल तर, कारण मीठ न धुता ब्लास्टिंग केले की पत्र्याच्या छिद्रांत मिठाचा अंश राहतो आणि प्रायमरखालून गंज वर येतो. मग हातोडीने प्रत्येक रिव्हेट वाजवून पाहिला जातो; घट्ट रिव्हेटचा आणि सैल रिव्हेटचा आवाज अनुभवी कानाला लगेच वेगळा कळतो. दुहेरी पट्ट्यांच्या मध्ये गंज फुगून त्या एकमेकींपासून दूर गेलेल्या आहेत का, ते पाहिले जाते. ओळंबे सोडून जमिनीवर खुणा करायच्या आणि दोरीने कर्ण मोजायचे, म्हणजे चेसिस वाकली आहे की नाही हे कोणत्याही महागड्या यंत्राविना समजते. सैल रिव्हेट काढून तेथे नेमक्या मापाचे बोल्ट बसवणे आम्ही पसंत करतो. चेसिसच्या वरच्या व खालच्या पाळीवर वेल्डिंग करणे शक्यतो टाळतो, कारण उष्णतेने तेथील पोलाद दुबळे होते. चेसिसनंतर लगेच पाटे, शॅकलपिन, किंगपिन आणि ब्रेक. ब्रेकचे पाइप दाब देऊन तपासल्याशिवाय चेसिसवर शेवटचा रंग चढत नाही, कारण सांडलेले ब्रेक ऑइल रंग खाते. तेच ऑइल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून ते भरून गाडी पावसाळाभर ठेवण्यापेक्षा रस्त्यावरच्या चाचणीच्या सुमारास नव्याने भरणे बरे.

केबिनविषयी नव्या पिढीला आश्चर्य वाटते. त्या काळात बरेच ट्रक कंपनीकडून काऊल (इंजिनामागचा, काच व स्टिअरिंग बसण्याचा पुढचा भाग) आणि चेसिस एवढेच येत, आणि केबिन व हौदा स्थानिक बॉडीवाले बांधीत: आत सागवानाचा सांगाडा, वर पत्रा, हौद्याला किंदळाच्या फळ्या. येथे क्रम सुताराच्या मताने ठरतो. लाकूड पावसाळ्याआधी विकत घेऊन शेडमध्ये हवेशीर रचून ठेवले जाते. मे महिन्यात बसवलेले दार जूनमध्ये फुगून अडकते आणि ऑगस्टमध्ये बसवलेले दार मार्चमध्ये सैल पडून खडखडते, म्हणून सांगाडा जोडण्याचे काम दिवाळीच्या सुमारास सुरू होते. पत्रा चढवल्यावर दारे, बोनेट, मडगार्ड हे सर्व रंगाआधी एकदा पूर्ण बसवून पाहिले जाते. रंगवलेल्या दाराला कानस लावण्याची वेळ येऊ नये, यासाठी हा उपद्व्याप आहे.

ब्लास्टिंग आणि रंग यांना नोव्हेंबर ते मार्च हे महिने राखलेले असतात. ब्लास्ट केलेला पत्रा आमच्या हवेत काही तासांत तांबूस होऊ लागतो, त्यामुळे ज्या भागावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर चढेल तेवढाच भाग ब्लास्ट केला जातो. दमट दिवशी मारलेल्या रंगावर पांढरी झाक येते, हे येथील प्रत्येक पेंटर जाणतो. पावसाचे महिने इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांच्यासाठी उरतात, कारण ही कामे बंद शेडमध्ये होतात. वायरिंग, काचा आणि रबर हे सर्व रंगानंतर. गाडी दसऱ्याला पूजेसाठी दारात हवी, असा आग्रह बहुतेक मालकांचा असतो आणि तो मला समजतोही; पण दसरा येतो तेव्हा रंगाचे दिवस अजून सुरूही झालेले नसतात, म्हणून आम्ही गुढीपाडव्याची तारीख देतो.

पैसेही याच टप्प्यांनी घेतले जातात. टप्पा संपला की ट्रक झाकून, ग्रीस लावून, कोणतेही तोंड उघडे न ठेवता उभा केला जातो, आणि पुढचा टप्पा सुरू करण्यापूर्वी त्याचा हप्ता जमा व्हावा लागतो. या पद्धतीमुळे काही ग्राहक दुरावले, कारण त्यांना पहिल्या महिन्यात चकाकते बोनेट पाहायचे होते. जे राहिले त्यांपैकी काहींनी मध्ये वर्षभर काम थांबवले आणि पुन्हा सुरू केले, तरी आधी केलेले काही फुकट गेले नाही.

सध्या शेडमध्ये वाळपईकडील एक १२१० आहे. त्याची चेसिस, पाटे आणि ब्रेकचे पाइप झाले आहेत, किंदळाच्या फळ्या रचून ठेवल्या आहेत, आणि इंजिन तपासून बंद केलेले आहे. पुढचा हप्ता गणेशचवथीनंतर देतो, असे मालकांनी कळवले आहे. तोवर आमचा मुलगा दर पंधरवड्याला क्रँक हाताने थोडी फिरवील आणि ताडपत्रीच्या दोऱ्या तपासील. बाकी त्या ट्रकाला कोणी हात लावणार नाही.