शंभर कोटींचा गल्ला, पण हातात किती?

हल्ली पिक्चर लागला की दोन दिवसांत पोस्टर फिरायला लागतं, 'शंभर कोटी पार', आणि लोकांना वाटतं प्रोड्युसर मालामाल झाला. अरे पण ते ग्रॉस की नेट ते तरी बघा. पोस्टरवर बहुतेक वेळा ग्रॉस छापतात, म्हणजे तिकिटाचे सगळे पैसे, त्यातून जीएसटी गेला की उरतं ते नेट आणि त्यात परत थिएटरवाल्याचा वाटा. २००९ मध्ये यावरूनच प्रोड्युसर आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं वाजलं होतं, दोनेक महिने मोठे हिंदी पिक्चर लागलेच नाहीत, मग तडजोड झाली, प्रोड्युसर-डिस्ट्रिब्युटरला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, ३७.५ आणि पुढे ३०. म्हणून तर पहिल्या वीकेंडसाठी एवढी पळापळ चालते, हजारो स्क्रीन घ्या, रिॲलिटी शोमध्ये जाऊन नाचा वगैरे.

यातलं माझं आवडतं उदाहरण म्हणजे डिस्नेचा 'जॉन कार्टर', २०१२ चा. खर्च २५ कोटी डॉलरच्या वर, जगभरचा गल्ला साधारण २८ कोटी. कुणीही म्हणेल, सुटले की! पण रिलीजला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा डिस्नेनेच सांगून टाकलं की २० कोटी डॉलरच्या आसपास फटका बसणार, आणि पुढच्या महिन्यात स्टुडिओच्या प्रमुखाने राजीनामा दिला. कारण गल्ल्यातला जवळपास अर्धा भाग थिएटरवाले ठेवतात, आणि जाहिरातीवर ओतलेले पैसे आपण ज्याला बजेट म्हणतो त्यात धरलेलेच नसतात!

आता ओटीटी, सॅटेलाइट (म्हणजे टीव्हीवर दाखवायचे), म्युझिकचे हक्क विकून बराच खर्च आधीच निघतो हे खरं, त्या भरवशावरच तर हे लोक एवढे पैसे लावतात. पण हिरोचं मानधन त्यातच जातं, मग पडद्यावर काय दिसणार?

याच्या उलट 'सैराट' घ्या. चारेक कोटींत झालेला पिक्चर, २०१६ मध्ये गल्ला शंभर कोटींच्या वर, आणि तेव्हा महाराष्ट्रात मराठी पिक्चरला करमणूक कर माफ होता, त्यामुळे करात जाणारा पैसाही वाचला. तो चालला पण आठवडेच्या आठवडे. चार कोटीवाल्याला शेवटी शेवटी ३० टक्केच मिळाले तरी परवडतं हो, तीनशे कोटीवाला आपटला तर तोवर त्याचे शोच उडालेले असतात.