कातळातली डबकी

समुद्र पाहायला जाणारी माणसे बहुधा भरतीची वेळ साधतात; मला मात्र ओहोटीचे आकर्षण अधिक, आणि तेही अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागचे, कारण उधाणात पाणी जितके वर चढते तितकेच ते खालीही उतरते. त्यासाठी तक्ता शोधावा लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते: द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. तेव्हा वांद्र्याच्या कार्टर रोडसमोरचा काळा कातळ उघडा पडतो आणि त्याच्या खळग्यांत समुद्र थोडा थोडा मागे राहतो.

पहिल्या नजरेला डबके रिकामेच वाटते. आपली सावली पाण्यावर पडू न देता स्वस्थ बसले, की तळाचा एखादा शंख चालू लागतो. मूळ मालक केव्हाच मेलेला असतो. आत शिरलेला खेकडा वाढला की मोठा शंख गाठतो, आणि मुंबईत जागा बदलणाऱ्या माणसाइतकाच चाचपून, आतबाहेर करून मगच मुक्काम हलवतो. कडेच्या भेगेत समुद्रफूल असते, म्हणजे नावापुरते फूल. त्याच्या पाकळ्यांसारख्या शुंडांत डंख असतो आणि चुकार कोळंबी तिथे टेकली की संपलीच. बार्नॅकल या खडकावरच्या कवचधारी जिवाची तऱ्हा तर याहून न्यारी: डोके खडकाला कायमचे चिकटवून तो जन्मभर पायांनी अन्न ओढतो.

अशा डबक्याला शांत म्हणणे मला पटत नाही. उन्हात त्याचे पाणी तापते, आटते आणि अधिक खारट होते. श्रावणात एका सरीने तेच अळणी होते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, तर रात्री तेच शेवाळ इतरांबरोबर तो वापरू लागते. हे सारे सोसणारे जीव मुंबईचे सांडपाणीही पचवून आहेत, याचे मला कौतुक कमी आणि संकोच जास्त वाटतो. किनारी रस्त्यासाठी वरळी-हाजीअलीची प्रवाळे २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावली गेली, तेव्हा कुठे अनेकांना कळले की इथे प्रवाळे आहेत.

पाहायला जायचे तर ओहोटी पुरी होण्याच्या तासभर आधी उतरावे आणि पाणी वळताच निघावे. डबक्यात गुंतलेल्या माणसाच्या पाठीमागच्या घळीत पाणी आधी भरते, आणि घाईत निसटलेला पाय हमखास कालवांच्या धारेवरच पडतो.